झुंबर पडल्याबाबत आणि जयराज कोण लागतो त्याबाबत

मी भामाबाई धनाजी लाड, वय ५२, शिक्षण दुसरी, धंदा मंगल कार्यालय, रा. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली. ठाण्यात समक्ष येऊन सांगते ते असे.

विमा कंपनी म्हणते आधी पोलिसांचा कागद आणा, इथं म्हणतात आधी कंपनीचा अर्ज दाखवा. दोन्हीकडं हेलपाटे मारून मी कंटाळले आहे. झुंबर माझं पडलं, छत माझं फुटलं, आणि उत्तरंही मीच देत बसले आहे. आता सांगते ते एकदाच लिहून घ्या.

मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयात गावातल्याच दीपमालाचं लग्न होतं. फोटोचं काम जयराजकडं होतं. मुलीच्या वडिलांनी हट्ट धरला, अक्षता पडताना वरनं शूटिंग पाहिजे. जयराज म्हणाला, हॉलच्या आत ड्रोन उडवत न्हाईत. मी म्हटलं, उडव, गिऱ्हाईक नाराज करू नको. त्यानं ऐकलं. माझं तो ऐकतो.

आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात. शेवटच्या मंगलाष्टकेला ड्रोन स्टेजवर आला, तशी पोरं नवरानवरी सोडून त्याच्यावरच नेम धरून ज्वारी मारायला लागली. त्यांचं बघून मोठी माणसंही हसत मारायला लागली. ड्रोन कलंडला आणि झुंबरात शिरला. झुंबर छताचा तुकडा घेऊन स्टेजच्या पुढं पडलं, वायरी जळाल्या. कुणाला लागलं नाही. लग्न लागलं.

कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्यानं पॉलिसी वाचून सांगितलं की उडतं यंत्र आपटून नुकसान झालं तर भरपाई आहे, पण ते उडवणारा मालकाच्या घरचा असेल तर नाही. मग विचारलं, हा पोरगा कोण? मी म्हटलं, भाचा. तो म्हणाला, "मावशी, भाचा घरचा कशाला धरता? बाहेरचा सांगा, काम होऊन जाईल."

मी म्हटलं, "बाहेरचाच हाय. ऑर्डर असली की येतो."

जयराज तेव्हा शिडीवर चढून छताला लटकलेल्या काचा काढत होता. त्यानं खाली बघितलं नाही. सगळ्या काचा काढल्या, हॉल झाडला, ड्रोनचे तुकडे पिशवीत भरून गेला.

जयराज हा माझी मयत बहीण चंद्राबाई, रा. लोणंद, हिचा मुलगा. अंगावर पीत होता तेव्हापासून माझ्याकडं आहे. मला आई म्हणतो. त्या दिवसापासून कुपवाडला मित्राच्या खोलीवर राहतो, कारखान्यात कामाला जातो. मी फोन केला तर म्हणाला, "मावशी, पोलिसांनी विचारलं तर मीपण बाहेरचाच सांगतो. तुमचं काम अडायला नको." मला तो आजपर्यंत अहो-जाहो बोलला नव्हता. जेवलास का, एवढंच मी विचारलं.

हवालदार विचारतात, ड्रोन उडवणारा तुमचा कोण? कंपनीच्या अर्जात बाहेरचा असं लिहिलं आहे ते मी सांगितल्यावरून लिहिलं, आणि ते खोटं आहे. जयराज माझ्या घरचा आहे. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

माझे मालक वारल्यापासून कार्यालयावरच माझं घर चालतं. आता ते बंद आहे, लग्नाच्या धरलेल्या तारखा लोक दुसरीकडं घेऊन गेले. तरी वरचं मी बदलणार नाही. घरचा म्हणून भरपाई मिळणार नसेल तर कंपनीनं येत्या सोमवारपर्यंत तसं लिहून द्यावं. झुलवत ठेवू नये.

जयराजलाही ठाण्यातनं निरोप द्यावा. घरी कवा येतो ते त्यानंही सोमवारपर्यंत सांगावं. हवालदार म्हणाले, हे जबाबात बसत न्हाई. मी म्हटलं, बसवा.

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. घरचा आहे ती ओळ मी परत वाचायला लावली. मी बोलले तसंच आहे.

सही
भामाबाई धनाजी लाड