लोखंडी टोपीचे जोडे

वैशाली नगरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या कौशल्याबाईचे कान मागच्या बाकावरच्या दोघींच्या बोलण्याकडे लागले होते.

"तुह्या घरच्याची नडगी कावून सुजली वं, रुक्मा?"

"स्टील प्लांटचे सेफ्टी शूज घालून धावला ना माणूस. बोटांवर लोखंडी टोपीचे."

"धावायचे जोडे नाही घेतले?"

"हे फुकटचे असताना? डॉक्टरनं महिनाभर बसवलं त्याले."

"मंग रविवारची दौड? व्याह्याले हरवीन म्हणून बोरसीपर्यंत सांगत फिरला तो."

"घराचं नाक कापू देऊ काय? त्याच्या जागी मीच धावतो. रोज सकाळी प्रॅक्टिस करून राहिली."

"मंग आज नंबर कोणाचा?"

"माहाच. दोन्ही टाचा धरल्या."

कौशल्याबाईनं मुद्दाम रुमाल पाडला आणि उचलायला वाकली. रुक्माच्या साडीखालून दोन लोखंडी टोप्या चमकत होत्या.