उतारावर किल्ली फिरवल्याबाबत

नाव व पत्ता : कालच्या अपघाताच्या नोंदीत असलेल्या मुलीची मी आई, तोच पत्ता. वय ५१ वर्षे. शिक्षण मॅट्रिक पास. व्यवसाय घरकाम. राहणार टेकडीवर, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला.

मी आज सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी व माझी मुलगी, वय २० वर्षे, अशा दोघी राहतो. माझे पती चार वर्षांपूर्वी वारले. माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, टेम्पोचालक असून त्याच्याकडे पक्का परवाना आहे. त्याच्या मालकीची एक जुनी पांढरी चारचाकी आहे.

मुलीला फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर काम मिळत आहे. गाडी चालवायची आणि पुस्तकेही द्यायची, असे काम आहे. पक्का परवाना दाखवल्याशिवाय ते मिळणार नाही. परीक्षा येत्या शुक्रवारी आहे. तोपर्यंत तिच्याकडे शिकाऊ परवाना आहे. गाडीवरची 'एल' पाटी मी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर काढून दिली होती.

मामा तिला रोज सकाळी सहा ते सात शिकवतो. तो शेजारी बसतो. मी पहिल्या दिवसापासून मागे बसत आले. माझे तिथे काही काम नव्हते. पण आमच्या घराण्यात कोणा बाईने गाडी चालवल्याचे मला आठवत नाही, तेव्हा पोरगी नेमके काय करते ते बघावे असे वाटे. पाय तीन ठिकाणी, हात दोन ठिकाणी, नजर चार ठिकाणी, आणि वर मामाचे बोलणे. हे सगळे एका डोक्यात कसे मावते, याचे मला नवल होते.

मी घरात सगळ्याची वही ठेवते. तशी याचीही ठेवली. गाडी रोज किती वेळा बंद पडली ते लिहीत गेले. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा. त्या दिवशी मामा म्हणाला, "राणी सरकार, गाडी आहे, बेडूक नाही." दुसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी वीस, कारण चढ होता. नवव्या दिवशी तीन.

तिसऱ्या दिवशी मी विचारले की क्लच सोडतात म्हणजे नक्की काय सोडतात. मामा म्हणाला, "ताई, परवाना तुला काढायचाय की हिला?" घरी आल्यावर मुलीने दोन ताटल्या पाठीला पाठ करून, मध्ये जरा फट ठेवून धरल्या. एक फिरवली. म्हणाली, "हे इंजिन. आता दुसरी हळूच टेकव. बघ, तीही फिरायला लागते. धाडकन टेकवलीस की दोन्ही थांबतात." मी तीन-चार वेळा करून पाहिले. ती म्हणाली, "आई, टेकायच्या क्षणी पायाखाली गाडी जरा थरथरते. ते कळलं की झालं." ते मला ताटल्यांत कळले नाही. तिला मात्र कळले होते, हे तिच्या तोंडावरून दिसत होते. वडील गेल्यापासून ती एवढे बोलली नव्हती.

काल रविवारी अकरावा दिवस होता. पावणेसातला आम्ही टाकीपासून शेवटच्या फेरीला खाली निघालो. तिथून वळणापर्यंत सरळ उतार आहे. वळणावर सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदारांना सगळे पंक्चरकाका म्हणतात. आम्ही त्यांना दहा-बारा वर्षे ओळखतो.

माझे पती पूर्वी कंपनीची जुनी जीप चालवत. याच उतारावर ते इंजिन बंद करत व गाडी आपोआप खाली जाऊ देत. "देवाने उतार फुकट दिलाय, त्यावर तेल कशाला जाळायचं?" असे ते म्हणत. मी शेजारी बसलेली असे. कधी काही झाले नाही. काल उतार लागला तेव्हा मी मागून मुलीला म्हणाले, "बंद कर. किल्ली फिरव. तुझे बाबा असंच करायचे."

मुलगी म्हणाली, "चालतं असं?" मी म्हणाले, "चालतं."

तिने किल्ली फिरवली. मामा तेव्हा डाव्या बाजूच्या दुधाच्या गाडीकडे बघत होता. आवाज थांबल्यावर तो वळला व "अगं ए, सुरू कर!" असे ओरडला. मुलीने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मामाने तिला तसेच, थोडे थोडे, शिकवले होते. पहिल्या वेळी गाडी हळू झाली. चौथ्या वेळी ती म्हणाली, "मामा, दगड झालाय!" स्टिअरिंगही जड झाले होते. तिने दोन्ही हातांनी ओढून गाडी दुधाच्या गाडीपासून वळवली, खिडकीतून डोके काढले व "काका, सरका!" असे दोनदा ओरडली. मामाने हँडब्रेक ओढला. गाडी दुकानाबाहेरच्या सायकलींना लागून थांबली.

काका सरकले होते. पण गिऱ्हाइकाची नवी सायकल पडताना पाहून त्यांनी हात पुढे केला, तो सापडला. उजव्या अंगठ्याला चार टाके पडले. पंधरा दिवस त्यांना पाना धरता येणार नाही. दवाखान्यात काका मुलीला म्हणाले, "पोरी, हवाच भरायची होती तर हाक मारायचीस." ती हसली नाही.

दवाखान्याने कळवल्यावरून हवालदार आले. मुलीने त्यांना "माझा पाय सटकला" असे सांगितले. मी तेव्हा काकांची चप्पल शोधायला गेले होते. परत येताना बाकावर ती मामाला म्हणत होती, "आईचं नाव काढायचं नाही. बाबांचंही नाही." मामा म्हणाला, "मग शुक्रवार?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." मी ऐकले व चप्पल घेऊन तिथेच उभी राहिले.

पण एक गोष्ट मला सुटेना. माझ्या पतींच्या हातून कधी झाले नाही, ते पोरीच्या हातून का व्हावे? म्हणून कालच दुपारी मी चौकातल्या मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, "मावशी, आताच्या गाड्यांत इंजिन चालू असतं तोवर ते ब्रेकला जोर पुरवतं. बंद केलं की दोन-तीन दाबांपुरता जोर शिल्लक राहतो. मग नुसता पायाचा. स्टिअरिंगचंही तसंच." मी विचारले, "आणि जुन्या जीपला?" तो म्हणाला, "तिला मदत नव्हतीच कधी. त्या माणसाचा पाय पहिल्यापासून तयार असणार."

म्हणजे पती चुकले नाहीत व मुलगीही चुकली नाही. जे त्या जीपचे होते, ते मी या गाडीला लावले.

आज सकाळी मी देवापुढे बसले. नाम घेताना दोनदा चुकले. रोज खरे बोलण्याची बुद्धी मागायची आणि पोरीला माझ्यासाठी खोटे बोलू द्यायचे, हे मला जमले नाही. मुलीला मी भाजी आणायला जाते असे सांगून आले आहे. तेवढे खोटे झाले. जाताना भाजी नेईन.

विचारल्यावरून सांगते की, मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. अशा सांगण्याने माझ्यावर काय येऊ शकते ते साहेबांनी समजावले व मला ते समजले. मी सांगितलेले मुलीने ऐकले, एवढेच तिने केले. तिचा शिकाऊ परवाना रद्द करू नये. काकांचा अंगठा बरा होईपर्यंत मी रोज दुकानात बसून त्यांच्या सांगण्याप्रमाणे काम करीन, असे त्यांना सांगितले आहे. पंक्चर कसे काढतात ते मला येत नाही. काका म्हणाले, "येईल."

वही सोबत हजर केली आहे. कालच्या तारखेपुढे माझ्या अक्षरात असे आहे : "गाडी बंद पडली – एकदाही नाही. बंद केली – एकदा, मी."

माझा हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी 'मुलीच्या चुकीमुळे' असे लिहिले गेले होते. ते खोडून 'माझ्या सांगण्यावरून' असे करून घेतले व खोडलेल्या जागेशेजारी सही केली. आता तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.