एकच पट्टी साऱ्यायले

माह्यर माहं जामकडचं, एकदम रोडाले लागून, बापाची चहाची टपरी होती, अन् लगन होऊन आली मी इकडं सेलूच्या अंगाले. माहं नाव चंद्रकला, ते लिहा, पण गावाचं नाव नका लिहू, नाई त उद्या आमचा सरपंच तुमच्या दारी येऊन बसन. वावर लहानसं, त्यात वांगे, पालक, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, लावतो अन् बाजारात नेऊन इकतो. तोंडानं मी कोणाले भेली नाई कधी. सासू म्हणे, इचं तोंड सुटलं म्हणजे पोळा फुटला, मंग बैल आवरत नाई.

आता पाण्याचं सांगतो. गावची टाकी वरच्या अंगाले हाय अन् आमची ओळ पाइपाच्या शेवटी. वरच्यायनं साऱ्यायनं टुल्लू पंप लावले, ते गच्चीवरच्या टाक्या भरतात, अंगण धुतात, गाड्या धुतात, अन् आमच्या नळाले पहिले हवा येते, मंग करंगळीएवढी धार, पाण्याचे दोन गुंड भरले का संपलं. अन् नालीचं उलटं. त्यायच्या मोऱ्यायचं, गाड्या धुतलेलं, पुरं पाणी उतारानं आमच्या दारात येऊन उभं राह्यते, पुढं जागाच नाई त्याले. काय सांगू तुमाले, चांगलं पाणी रस्त्यातच थकते अन् घाण पाणी बराबर घर शोधत येते. तरी आमी गप होतो.

मंग पाणीपट्टी वाढवाचं निघालं. ग्रामसेवक आला, आमी त्याले सचिव म्हणतो, मले म्हणे चंद्रकलाबाई, तुमचं बायायमधी चालते, महिला सभेच्या सह्या तेवढ्या आणून द्या, पाण्याचं चांगलं करून राह्यलो आपण. मी येडी, कोरं रजिस्टर काखेत मारलं अन् घरोघरी फिरली, हजेरीची सही हाय, कर वं बाई, कर. कोणी भाकरी टाकत होती, तिनं पिठाचा हात पदराले पुसून सही केली. सभा काई झालीच नाई. अन् मंग आला घरी कागद, नवा दर, वरच्यायले जेवढा तेवढाच आमाले, अन् नालीचा कर वेगळा. नालीचा बी कर! मी गेली तशीच पंचायतीत, म्हणलं हे कोणी ठरवलं? सचिवानं रजिस्टर उघडलं, म्हणे तुमीच. वर ठराव लिहिला होता, सर्वानुमते मंजूर, अन् खाली आमच्या ओळीच्या साऱ्या बायायच्या सह्या, पहिली माही.

अंगाची आग झाली माह्या. सचिवाचा राग आलाच, पण त्याच्याहून जास्त माह्यावरच आला. शेजारची लीलाबाई, आमी दोघी संग बाजारात जातो, तिनं बोलणंच टाकलं. एवढंच म्हणे, चंद्रकला, मी तुह्या भरोशावर सही केलती. रडली मी त्या दिवशी, खोटं काऊन सांगू.

मंग सरपंचाले गाठलं, म्हणलं दर काढता कसा तुमी? तो म्हणे मोटरीचं लाईटबिल, नळवाल्याचा पगार, दुरुस्ती, सारं जोडाचं अन् घरायवर सारखं वाटाचं, सगळ्यायले समान, यात अन्याय कुठं हाय? म्हणलं वा रे वा, पंगतीत ताट साऱ्यायले मांडलं अन् वाढलं वरच्याच ओळीले, त पैसे काऊन सारखे? मीटर लावा, जो जेवढं ओढन त्यानं तेवढं द्यावं, अन् ज्याच्या दारात नाली तुंबते त्याच्याजवळून नालीचा कर घेऊ नोका. हसला तो. म्हणे ग्रामसभेत बोलजो.

गेलो न मंग ग्रामसभेत! साऱ्या बाया घेऊन गेली, लीलाबाई बी आली. म्हणलं, आता कोणी आधी सही नाई करायची, पहिले लिहा, वाचून दाखवा, मंग सही. सचिवानं घड्याळ पाह्यलं अन् म्हणे, सह्या नाई त कोरम नाई, सभा तहकूब. अन् तहकूब झालेल्या सभेले मंग कोरम लागतच नाई, हे आमाले कोण सांगन? आमी तिकडं वांगे तोडून राह्यलो होतो, अन् इकडं चार डोके बसले अन् तोच दर पक्का करून उठले. दवंडी नाई का निरोप नाई. तोंड दाबून बुक्क्यायचा मार म्हणतात न, तो हाच.

आमी पट्टी भरलीच नाई. परवा चपराशी पाना घेऊन आला नळ तोडाले, तो बी गरीबच, मान खाली घालून उभा. म्हणलं तोड बावा, हवाच येते त्यातून. पण नळ तोडला त नाली बी आजपासून बंद. तो पाना लावून राह्यला अन् मी टोपलं घेऊन माती टाकून राह्यली, मंग लीलाबाई आपलं टोपलं घेऊन आली, माह्या बाजूले माती टाकली, अन् पाहता पाहता पुरी ओळ आली. आमच्या ओळीच्या वरच्या मोडीवर, नाली वळते तिथं, ती गच्च बुजवली.

आता वरच्यायचं पाणी वरच्यायच्याच दारात उभं हाय. काल सरपंचानं निरोप धाडला, चंद्रकलाबाई, दुर्गंधी सुटली, लेकरं बिमार पडतीन, बसून दराचं पाहू. म्हणलं पाहू न, काऊन नाई पाहाचं, पण पहिले आमच्या दारात उभं राहून ठरवा. त्यायच्या लेकरायले काई होऊ नये, देव त्यायले सुखी ठेवो, लेकरायचं काय चुकलं? पण माती मी काढत नाई.