बांबू फुलला, नोंद तोडीची झाली

समारंभाचे अध्यक्ष, आमच्या खात्याचे सचिव महोदय, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती संचालक साहेब, त्यांच्यासोबत आलेल्या वहिनी, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि भाषणं लवकर आटपतील या आशेवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. चांगले बोला, हे सांगायला आयोजक विसरले. बावीस वर्षं मी या कार्यालयात उपग्रहाची चित्रं वाचते आहे. उपग्रह जंगलाकडे सातशे किलोमीटरवरून पाहतो. साहेबांनी ते दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं. दोघांत जास्त लांबून कोण पाहत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या अचूक निर्णयांचा गौरव केला. त्यातलाच एक सांगते. दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या टेकडीवरचा हिरवा पट्टा एका मोसमात करडा पडला. आमच्या फॉर्मवर कारणांचे रकाने चारच: तोड, आग, अतिक्रमण, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं, बांबू फुलला असावा. बांबू चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा फुलतो. अख्खी टेकडी एकदम फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. यात कुणाचा गुन्हा? पण ‘इतर’ भरलं की दोन पानी खुलासा जोडावा लागतो, आणि अहवाल दुसऱ्याच दिवशी जायचा होता. साहेबांनी माझी खूण खोडून ‘तोड’वर केली.

तोड म्हटली की तोडू देणारा कुणीतरी हवाच. खापर तिथे नेमलेल्या एका वनरक्षकावर फुटलं, ते निलंबित झाले. बिचाऱ्यांनी खुलाशासोबत वाळक्या फुलांची पिशवी पाठवली. साहेबांनी शेरा मारला, “फुलं चित्रात दिसत नाहीत.” अहो, दिसतील कशी? चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन. त्यात साहेबांची गाडीही दिसत नाही, म्हणून ते काय चालत येतात?

मी जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. तोडीला वाट लागते, ट्रक लागतो. इथे साधी पायवाट नव्हती, आणि पलीकडच्या कड्यावर, जिथे माणूस चढूच शकत नाही, तिथेही त्याच महिन्यात सगळं करडं. साहेब हसून म्हणाले, “बाई, अहवाल गेला आता. जंगलानं आधी कळवायला हवं होतं.” मला त्या हसण्याचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

यंदाच्या चित्रात ती टेकडी नव्या रोपांनी हिरवी झाली आहे. वनरक्षक अजून घरीच बसून आहेत. चौकशी समितीनं महिन्यापूर्वीच त्यांना निर्दोष ठरवलं, पण कामावर घेण्याच्या आदेशावर साहेबांची सही राहिली. निरोपाची गडबड असते, मी समजू शकते. उद्या नवे साहेब येतील, फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतील, आणि आणखी दोन वर्षं सहज जातील. पण साहेब, आज कार्यालय सुटेपर्यंत अधिकार तुमचाच आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, तुमच्या सहीसाठी तो आदेश घेऊन जे व्यासपीठाच्या पायऱ्या चढून येताहेत, त्यांना तुम्ही ओळखणार नाही. तेच ते वनरक्षक.