पावणेचार फूट

...नाही, पण मला सांगा, असा प्रश्न माणसाला उभ्या उभ्या विचारतात का? "जवळचं हवं की लांबचं?" अहो, साधी चप्पल घ्यायला गेलं तरी दुकानदार चार जोड काढतो, चालून बघा म्हणतो! आणि इथे डोळ्यांचे डॉक्टर कागदावर पेन टेकवून माझ्या मामाला विचारतायत... "काका, मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवणार. त्याचा फोकस एकाच अंतरावर, कायमचा. लांबचा घेतलात तर वाचायला चष्मा, जवळचा घेतलात तर रस्त्यावर चष्मा. बोला, काय लिहू?" आणि वर हसत हसत, "एकदा बसलं की बसलं बरं का, मग बदलून मिळत नाही!"

बदलून मिळत नाही म्हटल्यावर मी दचकले. म्हणजे, त्याआधी त्या यंत्राने मामाच्या डोळ्यात फुस्स करून हवा मारली तेव्हाही मीच दचकले होते, मामा नाही, आणि नर्सने पाणी मलाच दिलं होतं... ते सोडा. मी दचकतेच. कुकरला दचकते, दाराच्या बेलला दचकते, फोनवर मीच गजर लावून ठेवलेला असतो, त्यालाही दचकते. पण हे वेगळं होतं हो! विचारत होते कोणाला? माझ्या मामाला! ज्याने एकतीस वर्षं एका दैनिकासाठी खेळांचे फोटो काढले, ज्याच्या पिशवीत पाच लेन्स, आणि कुठली कधी लावायची यावर जो समोरचं ताट गार होईपर्यंत बोलू शकतो! "बास्केटबॉलला पंच्याऐंशी मिलिमीटरची, कारण तू बास्केटखालीच बसलेली असतेस. फुटबॉलला तीनशेच्या खाली यायचं नाही. आणि सत्तर-दोनशे? ज्याचं काहीच ठरलेलं नसतं त्याच्यासाठी!" सत्तर-दोनशे माझ्याच गळ्यात का असायची, हे काय मी वेगळं सांगायला हवं?

अशा माणसाला आता एक लेन्स आणि एक अंतर... जन्मभरासाठी. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सोमवारी सांगा. घरी आलो तर मामीचं सुरू. "लांबचंच घ्या, निदान गच्चीवरून दिसेल तरी कोण येतंय. नाहीतर जवळचं घ्या, सुईत दोरा तरी ओवून द्याल मला. पण काहीतरी एक घ्या बाई!" आणि मामा? मामा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा लेन्सच्या विषयावर गप्प!

आता तुम्ही म्हणाल, डोळे मामाचे, तू का एवढी हवालदिल? तर तुम्हाला सांगते, मी फोटो काढून पोट भरते ते त्या डोळ्यांमुळे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. दर रविवारी सकाळी मामाकडे. खिडकीपाशी त्याची वेताची खुर्ची, समोर माझं एका पायाने लंगडं लाकडी स्टूल, आणि माझ्या मांडीवर ती तीनशेची लेन्स... तिला घरात सगळे तोफ म्हणायचे. काम काय, तर खिडकीतून दिसणाऱ्या सायकलवाल्यावर फोकस लावायचा. हाताने! आत्तासारखं नाही, की कॅमेराच डोळे शोधतो, चौकट लावतो, नुसतं बटण दाबा... मी रिंग फिरवेपर्यंत सायकलवाला घरी जाऊन आंघोळ करून बसलेला असायचा! मामी आतून ओरडायची, "अहो, पोरीच्या मांडीवरून ती तोफ उतरवा आधी, चहा निवतोय!" मी दचकायचे, रिंग फिरायची, आणि फोकस समोरच्या भिंतीवर.

मामा रागवायचा नाही. चहाची बशी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "पळणाऱ्याच्या मागे फोकस पळवायचा नाही गं. जागा धर. माणूस येतोच."

म्हणजे कसं? तर रस्त्यातलं ते गटाराचं झाकण बघ. त्याच्यावर फोकस लाव, रिंगला चिकटपट्टी मार, आणि स्वस्थ बस. त्यावरून जाईल तो तुझा. आणि खरंच हो! झाकणावरून दूधवाला गेला, एक जाडा गृहस्थ गेला, एक कुत्रं गेलं... कुत्र्याची मिशीसुद्धा आली! तो फोटो मामाने कपाटाच्या दाराला आतून लावला, मी एवढी खूश झाले की काय सांगू... कुत्र्याला कळलंसुद्धा नसेल.

मग आल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मामाच्या नोकरीतल्या शेवटच्या. अडथळ्यांची शर्यत. मामा म्हणाला, आज तोफ तू चालव, मी शेजारी उभा राहतो. तिसऱ्या अडथळ्याच्या फळीवर फोकस, चिकटपट्टी, शटर एक-हजारांश सेकंदावर, सगळं सगळं नीट. पण शर्यत सोडायचं पिस्तूल? ते वाजणार होतं ना! पंचाने हात वर केला आणि मला वाटलं, आता मी तोफेसकट आडवी होणार. म्हणून मी आधारासाठी मामाकडे बघितलं...

तर मामाचे डोळे मिटलेले! घट्ट! खांदे कानापर्यंत वर, मान आत, जिभेचं टोक दाताखाली... हुबेहूब मी! ठो झालं, आम्ही दोघं एकदमच उडालो, आणि पावलं धडधडत जवळ आली तसा मामा डोळे न उघडताच ओरडला, "दाब!" मी दाबलं.

फोटो छापून आला. पळणाऱ्याचं डोकं त्यात नव्हतं. पण गुडघा असा टिपला होता, असा टिपला होता की गुडघ्यावरची खपली दिसत होती! परत येताना मी विचारलं, "मामा, तूपण?" तर म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. एकतीस वर्षांत मी एकही सुरुवात बघितलेली नाही. डोळे मिटतातच माझे. उघडतात तोवर ते तिसऱ्या अडथळ्याशी आलेले असतात... म्हणून तर जागा धरतो मी. माणूस येतोच."

काय वाटलं असेल मला! जगात आपल्यासारखं दचकणारं आणखी कोणीतरी आहे, आणि ते चांगलं निवृत्तीपर्यंत पोचलंय!

तरी मी मैदान सोडलंच. आता मी बुटांचे फोटो काढते. कॅटलॉगसाठी. बूट पळत नाहीत, पिस्तूल वाजत नाही, पगार एक तारखेला. मामा फक्त "बुटाला साठची मॅक्रो घे, अगदी जवळचं टिपते" म्हणाला. मग दर रविवारचं महिन्यातून एकदा झालं, मग सणासुदीला... मग फोन. मामा, पुढच्या रविवारी नक्की. असे किती नक्की झाले कोण मोजतं? आणि आता एकदम मोतीबिंदू, एकदम सोमवार, आणि जवळचं की लांबचं!

रविवारी संध्याकाळी मामीचा फोन. "अगं, हा माणूस टेप घेऊन घरभर मोजमापं घेतोय! मला खुर्चीपाशी टेपचं टोक धरायला लावलं अर्धा तास!" मी म्हटलं, संपलं. मामाने आता कपाटं करायला घेतली.

सोमवारी डॉक्टरांपुढे बसलो. मामाने खिशातून चिठ्ठी काढली. "पावणेचार फूट."

"काय?"

"फोकस. पावणेचार फुटांवर हवाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. "काका, मधलं अंतर धरता येतं, पण नीट ऐका. लांबचं धूसर राहणार, आणि वाचायला चष्मा आहेच. दोन्हीकडून चष्मा! लोक असं घेतात ते दिवसभर कॉम्प्युटरसमोर असले तर. तुमच्या इथे पावणेचार फुटांवर आहे काय?"

"स्टूल."

"स्टूलवर?"

मामाने चिठ्ठीची नीट घडी घातली. "सध्या काही नाही," म्हणाला.

कसलाही आवाज झाला नव्हता हो. पेनसुद्धा पडलं नव्हतं. तरी मी अशी दचकले की नर्स पुन्हा पाणी घेऊन आली, आणि या वेळी मी ते सगळं प्यायले, म्हणजे ग्लासामागे तोंड लपवता येतं.

ऑपरेशन झालं. छान झालं. पुढच्या रविवारी गेले तर स्टूलच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूने गोल! मैदानावर चुन्याच्या रेघा असतात ना, तशा. मी बसले. मामा खुर्चीतून, "चार बोटं मागे... फार झालं, पुढे... हां! थांब. हलू नकोस." आणि मग इतका वेळ बघत राहिला की मीच जमिनीकडे बघायला लागले. "वाळलीस. केस कोणी कापले असे वेडेवाकडे?" मामी चहा घेऊन आली, गेली, कप घेऊन आली, पुन्हा गेली. मी म्हटलं, "मामा, मग मामी दिसते का रे नीट?" "ती? ती कधी एका जागी थांबलीय का? लग्नापासून प्रत्येक फोटोत हललेलीच आलीय ती!" आतून आवाज आला, "ऐकलं हं मी!" आणि आम्ही दोघंही उडालो.

तर तुम्हाला सांगते, माझा रविवार गेला. दर रविवार. झोप गेली, मैत्रिणी गेल्या, स्टूलचा लंगडा पाय अजून तसाच, पाठ मोडते. पण न जाऊन करता काय? एरवी निदान चिकटपट्टी रिंगवर असायची, ओढली की निघायची. या माणसाने ती डोळ्याच्या आत मारून घेतलीय! जागा धर, माणूस येतोच म्हणे... येतोच! न येऊन जातो कुठे?