कुऱ्हाडवाल्याचं बळ

नाही हो, तो जबडा नाही — तो कुऱ्हाडवाला आहे. जबड्यांच्या रांगेत उभा केलाय म्हणून तसा वाटतो, आणि प्लास्टरही तेच — दातांचे साचे करतो ना, त्यातलं उरतं थोडं, त्याची मी माणसं करतो. आ करा. अजून थोडा. ती शेजारची बारकी, दोन सुऱ्यांची, तिचा एक हात मोडलाय, फार नाजूक झाली होती — थांबा, टोचेल जरासं — झालं. आता दाढ बधिर व्हायला वेळ लागेल, तोवर मी बोलतो, तुम्ही ऐका, नाहीतरी तुम्हाला दुसरं काय करता येणार आहे. कशाला करतो म्हणाल? तर खेळासाठी. मुलांच्या नाही, मोठ्यांच्या. टेबलाभोवती बसायचं, मी गोष्ट सांगायची — समोर पडका किल्ला आहे, दारात राक्षस बसलाय, काय करता? — आणि तुम्ही आपापल्या गड्याच्या वतीने सांगायचं, मी मारतो, मी पळतो, मी दार फोडतो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. वीस बाजूंचा फासा असतो. बस, एवढंच. लोक हसतात, डॉक्टर असून हा काय पोरखेळ म्हणून. हसू देत.

तर या खेळात हातघाईवर लढणारे गडी दोन तऱ्हेचे — एक बळाचा, एक चपळाईचा. तुम्हाला वाटेल, बळी तो कान पिळी. मलाही वाटायचं. पण नियम काय सांगतात — चपळ माणसाचा वार आधी, नेम त्याचा चांगला, समोरच्याचा वार त्यालाच चुकवता येतो, भिंतीवर तोच चढतो, लपतो तोच, कुलूप तोच उघडतो, शिवाय लांबून सुरी फेकायची असली तरी तोच. सगळं एका चपळाईवर. आणि बळावर काय? वार बसलाच, तर जोरात बसतो — आणि ओझं उचलता येतं. ओझं, बरं का. जिथे राक्षस मारायचेत तिथे ओझं उचलण्याचं कौतुक कुणाला आहे? त्यात पुन्हा बळाच्या गड्याच्या अंगावर चिलखत — वाचवतं, पण चालू देत नाही. मग व्हायचं काय, ती सुऱ्यांवाली दोन उड्यांत पोचायची, राक्षस लोळवायची, आणि आमचा कुऱ्हाडवाला वरातीमागून घोडं तसा खणखणत यायचा आणि विचारायचा, मी पोचलो का? — आणि मला सांगावं लागायचं, हो दादा, पोचलास, पण तो मेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सख्खा. गोदामात मुकादम होता, हाताखालच्या माणसांना दोघांत एक पोतं जड जायचं ते हा खांद्यावर टाकून वर शिट्टी वाजवत जायचा. वहिनी गेल्या, आणि मागोमाग याचे गुडघे गेले, काम सुटलं, आणि मग बोलणंच सुटलं. रागावलाय म्हणावं तर तसंही नाही. जेव म्हटलं की जेवतो, झोप म्हटलं की झोपतो. त्याला आणि त्याच्या मुलीला मी माझ्याकडेच आणलं — जागा आहे, बायकोची ना नव्हती — पण माणूस घरात आणता येतो, बोलता कुठून करणार? ते या खेळाने केलं. मला वाटलं नव्हतं हो. मी आपला बसवला त्याला एका रविवारी, हातात फासा दिला, म्हटलं, हा तुझा गडी, कुऱ्हाड आहे याच्याकडे, समोर दार आहे, काय करतोस? आणि दादा म्हणाला, लाथ घालतो. असा खर्जातला आवाज, त्याचा जुना. माझ्या बायकोच्या हातातली बशी पडली. तेव्हापासून आठवडाभर भिंत आणि रविवारी माणूस — असं चाललं होतं. जीभ जड वाटते का? नाही अजून? बरं, थांबू.

आता सुऱ्यांवाली म्हणजे कोण, तर त्याचीच मुलगी. माझी पुतणी. नकाशे काढते, इमारतींचे, हुशार आहे. ती चपळ, बाप बळाचा, आणि माझी बायको वैदू — जखमा बांधायच्या, औषध पाजायचं, तेही कुरकुर करत, घरीदारी हेच करायचं का म्हणे. आणि मी सांगणारा. म्हणजे तोल सांभाळायचं काम माझं, नाही का? दादा आपला पोचलो का, पोचलो का विचारतोय, आणि मला दिसतंय की हळूहळू तेही विचारणं कमी होतंय. मग मी नियमांत हात घातला. कुऱ्हाडीचा मार वाढवला — काय उपयोग, वार बसायला तर हवा. पोरीच्या उड्या कमी केल्या — ती म्हणाली, काका, माझं काय चुकलं? — खरंच काय चुकलं होतं? मग म्हटलं, एक जाड लोखंडी दार ठेवू, बळाशिवाय हलणारच नाही असं. ठेवलं. दादा सरसावून बसला, बाह्या वर केल्या, फासा टाकला — एक. एक म्हणजे सपशेल फजिती, दार तसंच आणि खांदा निखळला. मग पोरीने खिशातून तार काढली आणि कुलूप उघडलं. बापाकडे बघून नुसतं हसली हो ती, पुढे जाऊन दार धरून उभी राहिली त्याच्यासाठी. मी तर त्या दिवशी फासाच फेकून देणार होतो. पालथ्या घड्यावर पाणी सगळं. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणतात ना, ज्यांनी म्हटलं त्यांचे भाऊ मुकादम नसणार.

आणि असं बघा — ती खेळातच दार धरून उभी होती असं नाही. बाहेरगावी तिला दोनदा मोठं काम आलं होतं, दोनदा नाही म्हणाली. बाबांचं कोण बघणार? मी म्हटलं, आम्ही मेलोय का? तर म्हणाली, तसं नाही काका, पण ते बोलतात कुठे कुणाशी. मग तिसऱ्यांदा आलं ते काम. तिने ते माझ्या बायकोला सांगितलं स्वयंपाकघरात, आणि हळू सांगितलं, पण आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याला लागून दादाची खुर्ची.

आणि मग काय झालं — दादा इथे आला. इथे, दवाखान्यात, आपणहून, रविवार नसताना. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, माझ्या गड्याचं बळ वाढव. मला पोरीला एकदा हरवायचंय. एवढं मोठं वाक्य. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, मला वाटलं, माणूस परत आला. त्याच दिवसापासून मी बसलो नियम करायला. आणि जमला हो. असा की — चिलखतावर बारीक सुरीचा वार विरतो, आणि बळाच्या गड्याने एकदा का धरलं की चपळाई संपली, मग सुटायचं तर बळानेच सुटायचं. पण धरायला जवळ यावं लागणार, आणि जवळ येईपर्यंत तिचे वार खावे लागणार. आहे की नाही न्याय? मी इथे बसून, पेशंट गेला की पुढचा येईपर्यंत, दोघांच्या वतीने फासे टाकले, कितीतरी वेळा. निम्म्या वेळा तो, निम्म्या वेळा ती. बरोब्बर तोल. नियमात खोट नव्हती — आजही नाही, कुणीही तपासून बघावा.

त्या रविवारी दोघांना समोरासमोर उभं केलं, दोरखंडाच्या पुलावर. आधी ती म्हणाली, बाबांशी नको. दादा म्हणाला, घाबरलीस? झालं मग. फेकल्या तिने सुऱ्या, लागल्याही, पण हा चालत राहिला — चालतो, पुढचं सांग, चालतो — आणि पोचला. आणि धरलं. तिने फासा टाकला सुटायला, नाही सुटली. पुन्हा टाकला, नाही. मी म्हटलं, दादा जिंकला. तो हसला हो. टेबलावर थाप मारली, दुसऱ्यांदा चहा मागितला, गोदामातल्या एका लबाड ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली, ती आम्ही कधी ऐकली नव्हती. पोर त्याच्याकडे बघतच राहिली. नंतर जिन्यात मला म्हणाली, काका, बाबा आता ठीक आहेत, नाही का? मी काय म्हणालो? मी म्हणालो, एकदम. छाती फुगवून म्हणालो — माझा नियम ना तो. रात्रीच्या जेवणाआधी तिने त्या लोकांना होकार कळवून टाकला, आणि त्याच महिन्यात गेली.

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी मी टेबल मांडलं. म्हटलं, दादा, समोर दरी आहे, पलीकडे आग दिसते, काय करतोस? काही नाही, म्हणाला. म्हटलं, अरे कुऱ्हाडवाला काहीतरी करेल ना. त्याला बसू दे, म्हणाला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला — केवढा उशिरा, बघा. विचारलं, दादा, तुला खरंच तिला हरवायचं होतं का? तर म्हणाला, तिला जायचं होतं. आणि फासा सरकवला माझ्याकडे. ते शेवटचं. त्यानंतर रविवारीही भिंतच. आता पोचलो का असंही विचारत नाही.

मी एकदोनदा मांडून बघितलं, मीच दोघांच्या वतीने बोललो, बायको उठून गेली. तिला सहन होत नाही. मला होतं असं नाही. मलाही रडू येतं, पण दवाखान्यात पेशंट असतात, घरी दादा असतो, कुठे रडणार?

पोरीचा फोन येतो. बाबांना दे म्हणते, मी म्हणतो झोपलेत. खेळताय ना अजून? — हो तर. जिंकतात ना बाबा? — सारखे. कालच एकाला दरीत ढकलला, म्हणतो. मग माझी सुऱ्यांवाली कोण खेळतं, असं विचारलं तिने. आता काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं — माझा एक पेशंट येतो, दाढ भरायला आला होता, त्याला गोडी लागली. फार बरं वाटलं तिला. त्या पेशंटची खुशालीसुद्धा विचारते हल्ली. म्हणून म्हटलं — तुम्ही रविवारी दुपारी काय करता? म्हणजे यायलाच हवं असं काही नाही… बरं बरं. मान हलवू नका, सुई आहे हातात. कळलं. सहज विचारलं. आणि आपण दोघे बसलो तरी पोचायचं कुणापर्यंत, दादा तर… आ करा.

झालं. सिमेंट आहे, दोन तास काही खाऊ नका, त्या बाजूने आज चावू नका. चूळ भरा. बाहेर टेबलाशी बसलाय तो दादाच, पुढच्याला आत सोडायचं काम मी त्याला दिलंय, घरी एकटा नको म्हणून. तुम्ही येताना मीच उठून आलो होतो दाराशी, आठवतं ना? त्याला येतो म्हणा जाताना. उत्तर नाही आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यावर राग नाही त्याचा.

दादा, पुढचा पाठव रे.

दादा.

— जाऊ दे. तुम्ही निघा, दार उघडंच राहू द्या, मीच येतो बाहेर.