मलावीतलं भांडण

हसू नका, पण मी आफ्रिकेत जाऊन भांडून आलेय. शाळेचं तोंड न बघितलेली बाई मी. वाचायला माझी मीच शिकले. कन्नड तालुक्यातल्या खेड्यांत जुलाब झालेल्या लेकरांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हात बसला होता, म्हणून आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला मलावीच्या एका खेड्यात सोबत नेलं.

तिथं एका झोपडीत लेकरू पार सुकलेलं. डोळे खोल, जीभ कोरडी. सून पाणी पाजायला तयार, पण सासू आडवी. हिंदी येणारा तिथला दुकानदार आमचा दुभाष्या. तो म्हणाला, "पाण्यानं जुलाब वाढतात म्हणते." डॉक्टरीणबाई तक्ते दाखवत बसल्या.

मी सासूला हाताला धरून अंगणात ओढलं. "अगं ए भवाने, लेकरू चाललंय, दिसत नाय का तुला?" तिनंही तिच्या भाषेत मला झोडपलं. आत सुनेनं चमचा उचलला. आता थांबून कसं चालेल? माझ्या शिव्या संपल्या, तशी मी औरंगाबादच्या वाटेवरचे एसटीचे थांबे ओरडायला लागले, "वेरूळ! खुलताबाद! दौलताबाद!" सासू मधूनच आत वळून बघायची आणि पुन्हा माझ्यावर तुटून पडायची. पडेगावचा थांबा येईस्तोवर पेला रिकामा झाला.

संध्याकाळी लेकरानं लघवी केली, तेव्हा कुठं मी खाली बसले. दुभाष्याला विचारलं, "शेवटी म्हातारी मला काय म्हणत होती रे?"

तो हसला. "शिव्या तिच्याही संपल्या होत्या, अम्मा. शेळ्यांची नावं घेत होती."